शौर्याची नोंद

वाचकहो, ज्या घरातील कोणी एकाने सैन्यात नोकरी केली आहे, त्या घरात बहुधा एक काळी पत्र्याची ट्रंक असते. तिच्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा आणि नंबर रंगवलेला असतो. आत घडी घातलेला गणवेश, पलटणीतील सोबत्यांसह काढलेले छायाचित्र आणि फितीला लावलेली दोन-चार पदके असतात. पाहुणे आले, सणवार आला की ती पदके मोठ्या अभिमानाने दाखविली जातात. पण ट्रंकेच्या अगदी तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागदांचा एक पुडका असतो. तो मात्र कोणी सहसा उघडत नाही. आज आपण त्या पुडक्याविषयी बोलणार आहोत.

पदक हे धातूचे असते. त्याला अर्थ येतो तो कागदामुळे. अमुक नावाचा सैनिक, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी होता आणि त्याने अमुक कृत्य केले, एवढे कोणीतरी लिहून ठेवलेले असते म्हणूनच ते पदक त्याचे ठरते. आणि हे लिहिणारा कधीही तो सैनिक स्वतः नसतो. त्याचा अधिकारी लिहितो, पाहणारे सोबती साक्ष देतात, कचेरीतील लेखनिक त्याची नोंद करतात. लढाईच्या धुमाळीत अधिकारी धारातीर्थी पडला, साक्षीदार दुसऱ्या आघाडीवर गेले किंवा नावात नाव मिसळले, तर शौर्य घडूनही त्याची नोंद चुकीची होते अथवा अपुरी राहते.

आपल्याच देशातील एक प्रसंग पाहा. सन १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिल या शिखरावर चढून गेलेल्या १८ ग्रेनेडियर्सच्या तुकडीत योगेंद्रसिंह यादव हा अवघ्या एकोणीस वर्षांचा जवान होता. अंगात अनेक गोळ्या घुसल्या असताही तो लढत राहिला. त्याला परमवीरचक्र जाहीर झाले, पण ते मरणोत्तर म्हणून! प्रत्यक्षात हा वीर रुग्णालयात उपचार घेत होता. त्याच नावाचा दुसरा एक जवान त्या मोहिमेत कामी आला होता आणि नामसादृश्यामुळे हा घोटाळा झाला होता. चूक लवकरच ध्यानात आली, ती सुधारली गेली, आणि २६ जानेवारी २००० रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते यादव यांनी ते पदक स्वतः स्वीकारले. येथे चूक सुधारणे सोपे गेले, कारण ज्याच्याविषयी ती झाली तो माणूस जिवंत होता आणि त्याला ओळखणारे जवळच होते.

परंतु चूक ध्यानात येण्यासच पन्नास वर्षे लागली, तर? ज्याने पराक्रम केला त्याची वाचा गेली असेल, ज्यांनी तो पाहिला ते परलोकी गेले असतील, तर? अशा वेळी न्याय मागणे किती कष्टाचे होते, हे समजण्यासाठी आपण थोडा वेळ सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या घरी जाऊ या.

केंटकी राज्यातील क्लिंटन नावाच्या डोंगराळ जिल्ह्यात, २ जून १९१९ रोजी गार्लिन मर्ल कॉनर यांचा जन्म झाला. घरी अकरा भावंडे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. सन १९४१ च्या मार्च महिन्यात ते सैन्यात दाखल झाले. शरीराने अगदी किरकोळ. उंची साडेपाच फूट आणि वजन सुमारे चोपन्न किलो. पण हाच लहानखुरा माणूस दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली आणि फ्रान्स या रणभूमींवर मिळून अठ्ठावीस महिने आघाडीवर लढला. साध्या शिपायापासून सुरुवात करून रणांगणावरच तो अधिकारी झाला. अनेकदा जखमी झाला आणि प्रत्येक वेळी परत आपल्या पलटणीत येऊन उभा राहिला.

२४ जानेवारी १९४५ चा दिवस. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील कोल्मार शहराजवळ, उसेन नावाच्या खेड्यापाशी, कडाक्याची थंडी पडली होती. कॉनर यांच्या कमरेला झालेली जखम अद्याप भरली नव्हती. तरीही रुग्णालयातून गुपचूप निघून ते पलटणीत परतले होते. इतक्यात सुमारे सहाशे जर्मन पायदळ आणि सहा प्रचंड रणगाडे यांनी त्यांच्या पलटणीवर चाल केली. तोफखान्याचा मारा नेमका कोठे करावा हे सांगण्यासाठी कोणीतरी पुढे जाणे अवश्य होते. कॉनर स्वतःहून पुढे झाले. खांद्यावर टेलिफोनच्या तारेचे रीळ घेऊन, तोफगोळ्यांच्या वर्षावातून तार सोडीत ते चारशे यार्ड धावले आणि आपल्या फळीच्याही तीस यार्ड पुढे, एका उथळ चरात पालथे पडले. तेथून तीन तास ते टेलिफोनवरून आपल्या तोफांना दिशा सांगत राहिले. शत्रू अगदी पाच यार्डांवर आला तेव्हा त्यांनी आपण ज्या जागी पडलो आहोत त्याच जागेवर गोळे टाका, असे कळविले. हल्ला मोडला. पलटण वाचली. कॉनरही वाचले.

या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे अमेरिकन सैन्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. दुसऱ्या क्रमांकाचे का? याचे उत्तर शोधताना एक विलक्षण योगायोग दिसून येतो. कॉनर यांच्याच डिव्हिजनमधील ऑडी मर्फी नावाच्या तरुण अधिकाऱ्याने दोनच दिवसांनी, २६ जानेवारीस, त्याच कोल्मारच्या परिसरातील होल्ट्झवीर या गावी असाच पराक्रम केला. टेलिफोनवरून तोफांना दिशा देत त्याने शत्रूला एकट्याने थोपवून धरले. मर्फी यांना सर्वोच्च पदक, म्हणजे मेडल ऑफ ऑनर, मिळाले. पुढे ते चित्रपटांत चमकले आणि त्यांचे नाव जगभर झाले. मर्फी यांचे पदक यथायोग्यच होते, त्याविषयी दुमत नाही. पण कॉनर यांच्या बाबतीत शिफारशीचे कागद ज्या रीतीने व्हावयास हवे होते त्या रीतीने झालेच नाहीत. पलटण लढाईत गुंतलेली होती आणि थोड्याच दिवसांत कॉनर यांना मायदेशी धाडण्यात आले. त्यांच्या पलटणीचे प्रमुख पुढे मोठ्या हुद्द्यावर चढले. आपण त्या वेळी हे काम तडीस नेले नाही, याची खंत त्यांनी उत्तरायुष्यात उघडपणे बोलून दाखविली.

मायदेशी परतल्यावर गावाने कॉनर यांची मिरवणूक काढली. त्या गर्दीत पॉलिन नावाची एक तरुण मुलगी उभी होती. एवढा नावाजलेला वीर म्हणजे कोणी धिप्पाड पुरुष असेल अशी तिची कल्पना. आणि समोर आला तो हा किडकिडीत मनुष्य! त्याच वर्षी, सन १९४५ च्या जुलै महिन्यात, दोघांचा विवाह झाला. डोंगरातल्या लहानशा शेतावर त्यांनी त्रेपन्न वर्षे संसार केला. कॉनर यांनी पदके ठेवून दिली आणि लढाईविषयी बोलणेच सोडले. आपल्या वाट्याला आलेले काम आपण केले, याहून अधिक त्यांना काही सांगावयाचे नसे. मात्र रात्री झोपेत ते दचकून उठत, हे पत्नी पाहत होती. आणि येथे एक गोष्ट अवश्य नोंदविली पाहिजे. स्वतःच्या पदकासाठी ज्याने कधी एक पत्र लिहिले नाही, तो हा माणूस जखमी व अपंग झालेल्या इतर माजी सैनिकांना पेन्शन मिळावी म्हणून पत्नीच्या मदतीने त्यांच्यासाठी खटपट करीत असे.

सन १९९६ मध्ये या घरी एक पत्र आले. लिहिणारा स्वतः निवृत्त सैनिक होता. त्याचा मामा महायुद्धात कॉनर यांच्याबरोबर लढताना इटलीत कामी आला होता. त्याच्याविषयी काही आठवणी मिळाव्यात, एवढीच त्याची इच्छा. पण कॉनर तोवर आजाराने जर्जर झाले होते. त्यांना नीट बोलताही येत नव्हते. तेव्हा पॉलिनने घरात जपून ठेवलेले कागद त्या पाहुण्यापुढे ठेवले. कागद वाचता वाचता तो पाहुणा आपल्या मामाचा विषय जवळजवळ विसरलाच. या मनुष्यावर अन्याय झाला आहे, हे त्याच्या सैनिकी नजरेने हेरले. त्या दिवसापासून एका निवृत्त सैनिकाने आणि एका शेतकऱ्याच्या पत्नीने जे काम हाती घेतले, ते पुढे बावीस वर्षे चालले.

आता अशी दुरुस्ती मागावयाची कोठे? अमेरिकेत सन १९४६ पर्यंत सैनिकाच्या नोंदीतील चूक सुधारावयाची, तर अनेकदा त्या एका माणसासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक मांडावे लागे. हा प्रकार अशक्यप्राय होऊ लागला, तेव्हा कायद्याने नोंदींच्या दुरुस्तीची मंडळे नेमण्यात आली. त्यांवर लष्करी अधिकारी नसून नागरी अधिकारी असतात. चूक सुधारणे आणि अन्याय दूर करणे ही दोन्ही कामे कायद्याने त्यांच्याकडे सोपविली आहेत. चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावयाचा असतो. न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत बाजूला ठेवू शकते. पण चूक झाली आहे हे सिद्ध करण्याचा भार मात्र अर्जदारावर असतो.

कॉनर यांच्या वतीने केलेला अर्ज मंडळाने सन १९९७ मध्ये फेटाळला. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९९८ रोजी, कॉनर यांचे निधन झाले. सन २००० मध्ये फेरविचाराची मागणीही नाकारली गेली. नवा पुरावा पुरेसा नाही, हे कारण. मग पुरावा शोधणे आले. साठ वर्षांपूर्वीच्या एका सकाळी त्या चरात काय घडले, हे पाहणारे किती उरले असणार? तरीही सन २००६ मध्ये तीन प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी हाती लागल्या. त्या २००८ मध्ये मंडळापुढे ठेवल्या, तेव्हा उत्तर आले की मुदत संपून दोन वर्षे झाली आहेत. पॉलिनबाई न्यायालयात गेल्या. सन २०१४ मध्ये न्यायाधीशांनी कॉनर यांच्या शौर्याचा गौरव केला, परंतु मुदतीच्या कायद्यापुढे आपला इलाज नाही असे सांगून दावा काढून टाकला. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या त्या स्त्रीने अपील केले. अपील न्यायालयाने दोन्ही पक्षांना समेटाचा मार्ग दाखविला. त्यानंतर, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्याच मंडळाने त्याच साक्षी वाचून पुरावा पुरेसा आहे असा निर्वाळा दिला. पुढे सैन्याची, संरक्षण खात्याची व संसदेची संमती मिळविण्यात आणखी काळ गेला. अखेर २६ जून २०१८ रोजी एकोणनव्वद वर्षांच्या पॉलिनबाईंनी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते आपल्या पतीचे मेडल ऑफ ऑनर स्वीकारले. पती जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

ही हकीकत वाचून मंडळावर संताप येणे साहजिक आहे. परंतु, वाचकहो, क्षणभर दुसरी बाजूही पाहू. शौर्यपदकाचा मान कशामुळे टिकतो? ते सहजासहजी मिळत नाही यामुळे. मागेल त्याच्या अर्जावर पदकाची पायरी वाढू लागली, तर खरे रक्त सांडून ज्यांनी ते मिळविले त्यांचाच तो अपमान ठरेल. खोटे दावे करणारेही जगात असतातच. म्हणून पुरावा मागणे हा अन्याय नव्हे. पुराव्याचा आग्रह हाच त्या पदकाचा पहारा आहे. अन्याय होतो तो दुसऱ्या ठिकाणी. जो गर्विष्ठ आहे तो आपला दावा पहिल्याच दिवशी मांडतो आणि मुदतीत बसतो. जो विनयी आहे तो गप्प राहतो आणि मुदत निघून जाते. अशा रीतीने घड्याळाचा नियम नकळत विनयालाच शिक्षा करतो. कॉनर यांचा दोष कोणता? एवढाच, की त्यांनी स्वतःविषयी बोलावयाचे नाकारले. अशा माणसांसाठी दुसऱ्या कोणीतरी बोलावे लागते आणि बोलणाऱ्याच्या हाती कागद असावा लागतो.

हा कागद सरकारी दप्तरात असेलच, असे धरून चालणेही बरे नव्हे. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहराजवळच्या लष्करी दप्तरखान्याला आग लागली. इमारतीचा सहावा मजला जळाला आणि त्याबरोबर सुमारे एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. सन १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातील सैनिकांच्या शंभरांपैकी ऐंशी नोंदी त्यात गेल्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नव्हती. आग विझविताना मारलेल्या पाण्याने भिजलेल्या फायली कर्मचाऱ्यांनी वाळवून काढल्या, पगारपत्रके आणि इतर कचेऱ्यांतील टाचणे जुळवून कित्येकांच्या सेवेचा इतिहास पुन्हा उभा केला. ते काम खरोखर स्तुत्य होते. परंतु ज्यांच्या घरी सेवामुक्तीचा दाखला जपून ठेवलेला होता, त्यांचे काम किती सोपे झाले असेल, याची कल्पना करा.

आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे जवानाच्या सेवेचे दप्तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, याप्रमाणे. नावातील अक्षर चुकले, जन्मतारीख निराळी पडली, पत्नीचे अथवा मुलांचे नाव नोंदविलेच गेले नाही, जखम लढाईतली असून तशी नोंद झाली नाही, या चुका दिसावयास लहान असतात. पण जवान निवर्तल्यावर विधवेची कुटुंब पेन्शन याच लहान चुकांपाशी येऊन अडते. अशा वेळी प्रथम रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करावयाचा असतो. अर्ज कसा लिहावा, कोणते दाखले जोडावेत, याचे मार्गदर्शन जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. काही राज्यांत त्याला जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात.

तेथे दाद न लागल्यास पुढचा मार्गही आहे. सन २००७ च्या कायद्यान्वये सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते नवी दिल्लीत त्याचे उद्घाटन झाले. त्याचे मुख्य पीठ दिल्लीस असून मुंबई, चेन्नई, कोलकाता, लखनौ, चंदीगड इत्यादी ठिकाणी प्रादेशिक पीठे आहेत. प्रत्येक पीठावर कायदा जाणणारा एक सदस्य आणि सैन्यात दीर्घ सेवा केलेला एक सदस्य असे दोघे मिळून बसतात. नोकरी, बढती, सेवाज्येष्ठता, पेन्शन अशा बाबतींतील गाऱ्हाणी तेथे नेता येतात. मात्र आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते; आणि खात्याचा अंतिम निर्णय झाल्यापासून साधारणतः सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखविल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते. पण कॉनर यांच्या पत्नीची बावीस वर्षे आठवून, विलंब होऊच न देणे हे शहाणपणाचे.

म्हणून या लेखाच्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी ती काळी ट्रंक असेल, तर या रविवारी ती खाली काढा. डिस्चार्ज बुक काढा, पेन्शनचा हुकूम काढा, पदकांबरोबर आलेली पत्रे काढा. त्यांतील नाव, नंबर आणि तारखा एकमेकांशी आणि घरातील इतर दाखल्यांशी ताडून पाहा. विवाहाची व मुलांच्या जन्माची नोंद सैन्याच्या दप्तरात झाली आहे किंवा नाही, हे पाहा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करून एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीकडे अथवा भावाकडे ठेवा. आणि आजोबा किंवा वडील हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसा. ते कोठे होते, बरोबर कोण होते, त्या दिवशी काय घडले, हे विचारा. सोबत्यांची नावे लिहून घ्या. ते म्हणतील, ‘‘त्यात काय सांगायचे? सगळ्यांनी केले तेच मी केले.’’ बहुतेक सारे असेच म्हणतात. तरीही विचारा आणि लिहून ठेवा.

केंटकीच्या त्या डोंगरातील शेतकऱ्यानेही आपल्या पराक्रमाची फारशी कथा सांगितली नाही. पण त्याच्या पत्नीने कागद फेकून दिले नाहीत. दारी आलेल्या एका अनोळखी पाहुण्यापुढे तिने ते ठेवले, म्हणून त्या तीन तासांचे सत्य आज योग्य जागी नोंदलेले आहे. शौर्य रणांगणावर गाजते हे खरे, परंतु त्याची राखण पुष्कळदा घरातच होते.